एवढ्या श्रीमंत कंपन्यांना दंडाने काय फरक पडतो?

युरोपने एखाद्या बड्या तंत्रज्ञान कंपनीला दंड ठोठावल्याची बातमी आली की मला हमखास एकच प्रश्न विचारला जातो: ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही, त्यांना दंडाने काय फरक पडणार? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

नुसता आकडा पाहिला तर शंका रास्तच आहे. जून 2017 मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी संस्थेने, शोधनिकालांत स्वतःच्या किंमत-तुलना सेवेला झुकते माप दिल्याबद्दल गूगलला 2.42 अब्ज युरोंचा दंड केला, पुढच्याच वर्षी अँड्रॉइडच्या प्रकरणात 4.34 अब्जांचा केला, आणि तरीही कंपनीची वाढ काही थांबली नाही. पण 2017 च्या त्या निर्णयात दंडाबरोबर एक आदेशही होता, ज्याची चर्चा फारशी झाली नाही: 90 दिवसांत हे वर्तन थांबवा, अन्यथा मूळ कंपनी अल्फाबेटच्या जगभरातील सरासरी दैनंदिन उलाढालीच्या 5 टक्क्यांपर्यंतची रक्कम दररोज भरावी लागेल. माझ्या मते खरा जोर असतो तो अशा आदेशात.

आदेशाने काय घडते, हे मायक्रोसॉफ्टच्या प्रकरणात स्पष्ट दिसले. ब्राउझर निवडण्याची मुभा देण्याची कंपनीची हमी आयोगाने डिसेंबर 2009 मध्ये तिच्यावर बंधनकारक केली, आणि मार्च 2010 पासून युरोपातील विंडोजच्या संगणकांवर एक चौकट उघडू लागली, जिच्यात इंटरनेट एक्सप्लोररच्या बरोबरीने फायरफॉक्स, क्रोम, ऑपेरा असे इतर ब्राउझर मांडलेले असत आणि वापरणाऱ्याने त्यांतून हवा तो निवडायचा असे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत या चौकटीतून 8.4 कोटी ब्राउझर उतरवून घेतले गेले. पुढे विंडोज 7 च्या एका सुधारित आवृत्तीत ती चौकटच गायब झाली. मे 2011 ते जुलै 2012 अशी चौदा महिने ती सुमारे दीड कोटी लोकांना दिसली नाही. कंपनीने तांत्रिक चूक झाल्याचे सांगितले आणि मार्च 2013 मध्ये तिला 56.1 कोटी युरोंचा दंड झाला. मला दंडापेक्षा ते चौदा महिने अधिक अस्वस्थ करतात, कारण हमी पाळली जाते की नाही यासाठी आयोगाची भिस्त मुख्यतः कंपनीच्याच अहवालांवर होती.

हे सारे अमेरिकी कंपन्यांच्या द्वेषापोटी चालते, असेही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. टिकटॉक चिनी मालकीचे असूनही त्याला आयर्लंडच्या विदा (डेटा) संरक्षण आयोगाने 2025 मध्ये 53 कोटी युरोंचा दंड केला. उलट ऑनलाइन जाहिरातींच्या प्रकरणातला गूगलवरचा 1.49 अब्ज युरोंचा दंड युरोपच्याच न्यायालयाने 2024 मध्ये रद्द ठरवला.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. ब्रिटनमधील शिवॉन आणि ॲडम रॅफ या दांपत्याने 2006 मध्ये फाउंडेम नावाचे किमतींची तुलना करून देणारे संकेतस्थळ सुरू केले, आणि थोड्याच दिवसांत ते गूगलच्या शोधनिकालांत इतके खाली ढकलले गेले की ग्राहकांना सापडेनासे झाले. अशा सेवांपैकी सर्वांत वरच्या क्रमांकाची सेवासुद्धा सरासरी चौथ्या पानावर दिसत होती, असे युरोपीय आयोगाला तपासात आढळले. संगणकावर शोधणाऱ्यांच्या जवळपास 95 टक्के क्लिक पहिल्या पानावरच्या दहा निकालांनाच मिळत होत्या, हे लक्षात घेतले की चौथ्या पानाचा अर्थ कळतो. रॅफ दांपत्याने चिकाटीने तक्रार लावून धरली. आयोगाने 2010 मध्ये चौकशी सुरू केली, निर्णय 2017 मध्ये दिला (वर सांगितलेला 2.42 अब्जांचा दंड तो हाच) आणि युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 10 सप्टेंबर 2024 रोजी कायम केला. फाउंडेम मात्र 2016 मध्येच बंद पडले होते.

म्हणूनच 7 मार्च 2024 पासून अशा कंपन्यांना बंधनकारक झालेला युरोपचा डिजिटल बाजार कायदा मला महत्त्वाचा वाटतो. बड्या मंचांनी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे त्यात आधीच लिहिलेले आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी बाजाराचे नुकसान सिद्ध करण्यात वर्षे घालवावी लागत नाहीत. ॲपल ॲपनिर्मात्यांना आपल्या ॲप स्टोअरबाहेरच्या स्वस्त योजना ग्राहकांना मोकळेपणाने सांगू देत नव्हते. त्याची चौकशी मार्च 2024 मध्ये सुरू झाली आणि एप्रिल 2025 मध्ये 50 कोटी युरोंचा दंड झाला, सोबत 60 दिवसांत वर्तन सुधारण्याचा आदेशही. ॲपलसारख्या कंपनीला ती रक्कम जड नाही, हे मला मान्य आहे. पण या वेळी निर्णयाला तेरा महिने लागले, आणि रॅफ दांपत्याच्या वाट्याला हे तेरा महिने आले असते तर त्यांचे संकेतस्थळ तेव्हा चालू तरी असते.