युनिफॉर्म एरर डोक्यात कसा शिरला – माझा अनुभव

अ‍ॅनालिसिसमधली युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची व्याख्या पाठ व्हायला वेळ लागला नाही. गणितात फंक्शन्सची एक रांग एखाद्या फंक्शनच्या जवळ जात असते, त्यांच्यातला फरक म्हणजे एरर; तो प्रत्येक बिंदूवर वेगवेगळा बघितला की पॉइंटवाइज, सगळ्या बिंदूंवर एकदम बघितला की युनिफॉर्म. पण पॉइंटवाइजमध्येही एरर शून्याकडे जातो आणि युनिफॉर्ममध्येही जातो, मग एवढा गाजावाजा कशाला, हे काही केल्या कळेना. दोन्हीकडे चिन्हं तीच, फक्त क्रम बदललेला.

शेवटी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ० पासून १ पर्यंत, १ सोडून, क्ष चा एन वा घात, एन वाढेल तसा तो शून्याकडे जातो, म्हणून तोच एरर. एन १०० ठेवला. ०.५ ला जवळपास शून्य, ०.९ ला ०.००००३ च्या आसपास, ०.९९ ला ०.३६६ आणि ०.९९९ ला थेट ०.९०५! एन १००० केला तर ०.९९ वाला खाली बसतो पण ०.९९९९ ला परत तेच ०.९०५. म्हणजे प्रत्येक बिंदू आपापल्या वेळेला शून्याजवळ जातो, पण सगळेच्या सगळे एकदम जवळ आलेत असा एन सापडतच नाही. तेच क्ष फक्त ० ते ०.९ मध्येच ठेवला की सगळ्यात मोठा एरर ०.९ चा एन वा घात, त्याच्यावर कोणी जात नाही, विषय संपला.

मग क्रमाचं उलगडलं. युनिफॉर्ममध्ये एन आपण आधी जाहीर करायचा आणि समोरच्याने क्ष नंतर निवडायचा, मुद्दाम सगळ्यात वाईट निवडला तरी एररची आपण ठरवलेली हद्द टिकली पाहिजे. पॉइंटवाइजमध्ये आधी क्ष कळतो, मग एन ठरवायचा, ते फार सोपं काम आहे. हा फरक खरंच बारीक आहे हं, सलग (आलेख कुठेही न तुटणाऱ्या) फंक्शन्सच्या अभिसारी श्रेणीची बेरीज सलगच असते असं गणिती कॉशीने १८२१ मध्ये मांडलं होतं आणि १८२६ मध्ये आबेलने त्याला अपवाद दाखवला. त्या विधानाला नुसती पॉइंटवाइज कन्व्हर्जन्स पुरत नाही, युनिफॉर्म असेल तर ते खरं.

 

मला खरी मजा आली ती स्टॅटिस्टिक्समध्ये सॅम्पलवरून डिस्ट्रिब्युशन फंक्शन (निरीक्षण एखाद्या आकड्याएवढं किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता सांगणारं) काढताना. ग्लिव्हेंको आणि कँटेली यांनी १९३३ मध्ये दाखवलं की सॅम्पल वाढत गेलं की सॅम्पलवरून काढलेलं आणि खरं फंक्शन यांच्यातला, संपूर्ण आलेखावरचा सगळ्यात मोठा फरकही शून्याकडे जातो. किती वेगाने, ते ड्वोरेट्स्की-किफर-वोल्फोविट्झ यांच्या १९५६ च्या असमानतेतून मिळतं, तिच्यातला स्थिरांक २ चालतो हे मॅसार्टने १९९० मध्ये सिद्ध केलं. आकडे घालून बघितले: १००० निरीक्षणं, ९५ टक्के खात्री. आधीच ठरवलेल्या एकाच बिंदूवर चूक फार तर ०.०३१ च्या आसपास, आणि सगळ्या बिंदूंवर एकदम हमी पाहिजे तर ०.०४३. अनंत बिंदूंची हमी आणि जास्तीची किंमत फक्त एवढीच! वर डेटा कुठल्या डिस्ट्रिब्युशनमधून आलाय हे सांगावंही लागत नाही, फक्त निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आणि एकाच डिस्ट्रिब्युशनची हवीत.