बाबांनी आवाज वाढवला

"तिला सगळं आठवतंय गं. घरच्यांना नकोय, म्हणून विसरलीय," आजी म्हणाली.

काल रात्री पंचवटीतल्या घरी आम्ही तिघं एक थ्रिलर बघत होतो. स्मृती गेलेली सून, काहीतरी लपवणारं सासर. नेहमीचंच. (एका फटक्यात गेलेली स्मृती दुसऱ्या फटक्यात परत येते, हे फक्त सिनेमातच.)

आजीला अल्झायमर आहे. आत्ताच घेतलेला चहा तिला आठवत नाही. या आजारात आधी ताज्या आठवणी जातात, जुन्या बराच काळ तग धरतात.

मग पडद्यावरची नजर न काढताच ती म्हणाली, "१९६९च्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं ना, तेव्हा शकूला कुणी नेलं रे?"

आमच्या घरात शकू कुणी नाही. निदान मला माहीत असलेल्या घरात तरी.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. १८ वरून थेट ३०.

सिनेमात खुनी कोण निघालं, देव जाणे.

सकाळी आजीला विचारलं, तर म्हणते, "कोण शकू?" बाबा पिशवी घेऊन दूध आणायला निघाले होते. फ्रीजमध्ये कालचं लिटरभर दूध तसंच होतं.

तुमच्याही घरात आहे का अशी एखादी शकू?