आमची वाटचाल: दुर्बीण विकली की बसवूनही द्यायची

मेलबर्नमध्ये आम्ही नवरा-बायकोने दुर्बिणींचा धंदा सुरू केला तेव्हा गॅरेज हेच दुकान आणि तेच गोदाम. संगणकीय माउंट, म्हणजे दुर्बिणीला मोटरने आपोआप ताऱ्याकडे वळवणारे स्टँड, मागवायचे आणि विकायचे, एवढाच बेत होता. पण विक्री झाली की फोन सुरू. "बटण दाबलं की दुर्बीण जमिनीकडे बघते." "तारा सापडतो, पण टिकत नाही." माल परत यायचा, आणि तपासला तर धडधाकट निघायचा.

भारतात ध्रुवतारा धरून माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावता येतो. इथे तशी सोय नाही. आकाशातल्या दक्षिण ध्रुवापासून अंशभरावर सिग्मा ऑक्टॅन्टिस हा तारा आहे, पण त्याची प्रत (आकडा मोठा तितका तारा मंद) ५.४ च्या आसपास. शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीणच. म्हणून आम्ही अक्ष दिवसाउजेडीच लावून ठेवतो. उंची अक्षांशाइतकी, म्हणजे जवळपास ३८ अंश, आणि तोंड खऱ्या दक्षिणेला. होकायंत्र दाखवतं त्या दक्षिणेच्या सुमारे १२ अंश डावीकडे ती असते.

खरी गंमत हँड कंट्रोलरची, म्हणजे माउंटला सूचना द्यायच्या हातातल्या यंत्राची. बऱ्याच कंट्रोलरवर तारीख अमेरिकी पद्धतीची, महिना आधी. रेखांश पूर्व आणि अक्षांश दक्षिण, हे आपण निवडायचं. ऑक्टोबर ते एप्रिल इथली घड्याळं तासभर पुढे असतात. ते सांगायचं राहिलं की पहिल्याच ताऱ्याला दुर्बीण १५ अंश चुकते. आणि गोलार्ध उत्तर राहिला तर मोटर उलटी फिरते, तारा दुप्पट वेगाने निसटतो. त्यापेक्षा मोटर बंद असलेली बरी!

शेवटी बायकोने नियमच केला: खोका उघडून, सगळी माहिती भरून, गिऱ्हाइकाच्या अंगणात दोन ताऱ्यांवर दुर्बीण जुळवून दाखवल्याशिवाय व्यवहार पूर्ण नाही. विक्री मंदावली, पण माल परत येणं जवळजवळ थांबलं. हळूहळू दुसरीकडून घेतलेल्या दुर्बिणींसाठीही बोलावणी येऊ लागली, आणि आज आमचं घर त्याच कामावर जास्त चालतं. मराठी घरांत जुळणीचे तारे मराठीतच सांगतो: अगस्त्य, मित्र, अग्रनद. पुण्यात अगस्त्य जेमतेम १९ अंश वर येतो. इथे तो मावळतच नाही म्हटल्यावर काका-काकू लगेच दक्षिणेकडे बघायला लागतात.

अलीकडे गावाबाहेरच्या जागांवर काँक्रीटचे पक्के खांब उभारून देतो. तिथे ड्रिफ्ट पद्धतच लागते, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारायचा: याम्योत्तराजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा) तारा बघून दिशा, पूर्वेचा बघून उंची. उत्तरेतल्या पुस्तकांतल्या काही सूचना मात्र उलट्या वाचाव्या लागतात. एकदा जुळलं की पुन्हा हात लावावा लागत नाही, त्यामुळे अशा गिऱ्हाइकाकडून पुढचं काम मिळत नाही. पण शेजाऱ्याचं मिळतं.