सायबाचे पाय

सकाळी साडेसहाला जुन्या गोव्यात पोचलो, तरी से कॅथेड्रलची रांग मांडवातून चार वळणं घेऊन बाहेर आली होती. डिसेंबर २०२४. संत फ्रान्सिस झेवियर, गोव्याच्या लोकांचे 'सायब', यांचं शव दर दहा वर्षांनी बॉम जीझस चर्चमधल्या उंच समाधीवरून उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात. आईला तेवढ्यासाठीच यायचं होतं. मंगेशी, पणजी, मिरामार हे सगळं नेहमीसारखं झालं.

मागच्या घोळक्यातून सारखं ऐकू येत होतं, "ममी बघायला अजून किती वेळ?" माझं डोकं फिरलं. ममी मुद्दाम टिकवतात. इथे उलट झालं होतं. १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले, तेव्हा मांस लवकर झडावं आणि हाडं सोबत नेता यावीत म्हणून पेटीत चुना भरला होता. काही आठवड्यांनी उघडलं तर देह तसाच. आधी मलाक्का, मग १५५४ मध्ये गोवा. मी वळून हे सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. ते गप्प झाले.

आमच्या पुढे एक म्हातारी होती, हातात जपमाळ. आईशी तिची तिच्या कोंकणीत आणि आईच्या मालवणीत छान गट्टी जमली. काचेच्या पेटीपाशी जेमतेम चार-पाच सेकंद मिळतात, मागून "चला, चला" सुरूच असतं. मी चेहऱ्याकडे बघत राहिले. काळवंडलेला, आक्रसलेला. उजवा हात तर १६१४ मध्येच रोमला नेलेला. म्हातारी मात्र थेट पायांशी वाकली. सुकलेली, काळपट पावलं, बोटंही पुरती नाहीत. दर्शनाला आलेल्या एका बाईने एक बोट चावून नेलं, असं सांगतात. आईनेही तिथेच हात जोडले. पंढरपुरात विठोबाच्या पायांवर डोकं टेकताना मान खाली जाते, अगदी तशीच तिची मान खाली गेली.

बाहेर येऊन म्हातारीने डोळे पुसले. "सायबाचे पांय दिसले," एवढंच म्हणाली.

मग फेस्ताच्या दुकानातून खाजें घेतलं, आल्याचा वास असलेलं, आणि पुडीतलं अर्धं आईच्या हातावर ठेवलं. आईने ते रुमालात बांधलं. घरी आल्यावर आधी देवापुढे ठेवलं, मगच आम्हाला एकेक तुकडा दिला.