गोलच्या खांबाजवळचा खड्डा

आइस हॉकीच्या सामन्यात तिसऱ्या ओव्हरटाइमची, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा वेळेची, नऊ मिनिटं उरली होती. रेफ्रीनं खेळ थांबवला आणि झांबोनीच्या, म्हणजे बर्फ तासणाऱ्या गाडीच्या, दाराकडे बघून हात वर केला. त्या दारामागे मी उभा असतो. रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. प्रेक्षक अजून हलले नव्हते.

मी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या एका कॉलेजच्या रिंकवर बर्फ सांभाळतो. अमोनियाचा प्लँट, ब्राइनचे, म्हणजे थंड केलेल्या खाऱ्या पाण्याचे, पंप, बर्फ तासणारी गाडी हे सगळं आमच्या तिघांकडे आहे. माझे वडील तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर ऑपरेटर होते. शाळा सुटली की मी त्यांच्या प्लँटरूममध्ये दप्तर टाकायचो, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या आवाजाशी माझी ओळख जुनी आहे. तिकडे थंडी खोलीत कोंडायची असायची. इथे ती काँक्रीटच्या लादीतल्या नळ्यांमधून खेळवायची असते, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद लादीवर. वर बर्फाचा थर जेमतेम सव्वा इंच.

त्या दिवशी ईसीएसी कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमच्या कॉलेजांच्या हॉकी गटाच्या, क्वार्टरफायनलचा पहिला सामना होता. या कॉन्फरन्समध्ये १२ कॉलेजं आहेत. हार्वर्ड, येल, कॉर्नेल यांसारखी नावाजलेलीही, आणि ज्यांचं गाव हिवाळ्यात हॉकीवरच जगतं अशी लहान गावांतलीही. तीनपैकी दोन सामने जिंकायचे, मग लेक प्लॅसिडला सेमीफायनल. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं, तेच हे रिंक. आमच्या पोरांना तिथे खेळायचं असतं ते कपासाठी, आणि त्या बर्फासाठीही.

सकाळपासून पाऊस लागला होता. मार्चमधला उबदार पाऊस बर्फवाल्याला नको असतो. दारं उघडतात, ओलसर हवा आत येते, वर हजारो माणसांचा श्वास. ओलावा बर्फावर बसला की पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, अडखळते. म्हणून दुपारीच ब्राइन थोडं खाली नेलं, आणि सामना सुरू झाला तेव्हा पृष्ठभाग उणे चार अंशांवर होता. आणखी खाली नेता आलं असतं, पण फार थंड बर्फ ठिसूळ होतो, स्केटच्या पात्याखाली त्याच्या खपल्या निघतात. ओला नको आणि ठिसूळही नको, या दोन्हींच्या मधे आमची सगळी नोकरी आहे.

साठ मिनिटांनंतर २-२. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, सामना बरोबरीत सुटत नाही. वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू आणि गोलकीपर, पहिला गोल पडेपर्यंत. साध्या हंगामात तीन विरुद्ध तीन खेळवतात आणि तरीही सुटलं नाही तर पेनल्टी शॉट. प्लेऑफमध्ये ते शिरू नये असं मला मनापासून वाटतं. सहा महिने जी हॉकी खेळलात तिच्यावरच निकाल लागावा, मग कितीही वाजोत. २०१५ साली मॅसॅच्युसेट्स आणि नोत्र दाम या विद्यापीठांचा सामना पाचव्या ओव्हरटाइममध्ये संपला, १५१ मिनिटं ४२ सेकंद. त्याआधीचा सगळ्यात लांबलेला सामना आमच्याच कॉन्फरन्समधला, २००६ साली येल आणि युनियनचा, तोही पाच ओव्हरटाइमचा. त्या रात्री तिथला बर्फ ज्यांनी धरून ठेवला, त्यांची नावं कुठे छापून आली नसतील. मला मात्र तीच माणसं आठवत होती.

कारण प्रत्येक मध्यंतरात गाडी फिरते. पातं वरचा थर तासतं, मागून साधारण साठ अंशांचं गरम पाणी पसरतं. गरम पाण्यानं चरे वितळून एकजीव होतात. पण दर फेरीला बर्फ थोडा जाड होतो, आणि जाड झाला की खालची थंडी वर पोचायला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या ओव्हरटाइमनंतर मी पाणी निम्म्यावर आणलं आणि पातं जरा खोल लावलं.

खड्डा पडला तो पाहुण्या संघाच्या गोलच्या डाव्या खांबाशी. गोल उभा राहतो तो बर्फात रोवलेल्या लवचिक खुंट्यांवर. खेळाडू आदळून त्या रात्री गोल तीनदा निखळला होता, आणि दर वेळी खुंटीच्या भोकाची कड थोडी फुटत गेली. आता तिथे वाटीएवढा खड्डा होता आणि तळाशी पाणी.

मी बादली, पाण्याची बाटली आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर घेऊन गेलो. पाणी टिपलं. स्केटनं खरवडलेला ताजा बर्फाचा चुरा मुठीत घेतला, थोडा ओला केला, अंगठ्यानं कडेपासून आत दाबत गेलो. मग गॅसचा फवारा. पांढरा धूर, चर्र असा आवाज, बोटं बधिर. पुन्हा चुरा, पुन्हा पाणी, पुन्हा फवारा. शेवटी पकच्याच तळानं घासून सपाट केलं. सगळं रिंक आमच्या संघाच्या नावानं ओरडत होतं आणि मी समोरच्यांचं अंगण सारवत होतो. त्यांचा गोलकीपर, विशीतला पोरगा, मास्क वर करून गुडघ्यावर बसला होता.

“सर, अजून थोडं. मी डावा पाय इथेच रोवतो.”

मी आणखी एक थर दिला. त्यानं पात्याची कड तिथे जोरात दाबून पाहिली, मान हलवली. साडेतीन मिनिटं गेली असतील.

ओव्हरटाइम बदलला की बाजू बदलतात. चौथ्यात त्या गोलसमोर आमचा गोलकीपर आला. सहाव्या मिनिटाला लांबून फटका आला, आमच्याच बचावपटूच्या स्केटला लागून वळला आणि डाव्या खांबाला चाटून आत गेला. त्याच खांबाला.

पाहुणे उड्या मारत होते. आमचा पोरगा गोलच्या आडव्या दांड्यावर हात ठेवून वाकून उभा होता. माझी नजर बर्फावर होती. रिंक रिकामं झाल्यावर बॅटरी घेऊन गेलो, गुडघे टेकले आणि हातमोजा काढून बोटं फिरवली. जोड घट्ट होता. एक खपली निघाली नव्हती, पातं रोवल्याची बारीक रेघ तेवढी होती. त्याच्या पाऊलभर आधी पकनं बर्फ सोडलेला होता. कॅमेऱ्यातही पाहिलं, दोनदा. तोवर छातीवरचा भार उतरला नव्हता.

एक वाजता बाबांना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेदहा.

“हरलो, बाबा.”

“प्लँट?”

“चालू आहे. कॉम्प्रेसरचं सक्शन प्रेशर जरा वर आहे.”

“माणसं गेली ना? आता येईल खाली. दारं लावलीस का सगळी?”

मागचं एक राहिलं होतं. ते लावून आलो. संध्याकाळी सात वाजता दुसरा सामना होता आणि थर कडेला दीड इंचावर गेला होता. पाणी बंद करून, पातं खाली घेऊन मी गाडी काढली आणि डाव्या खांबापासून तासायला सुरुवात केली.