तुम्ही विचारलंत म्हणून : सारंगी एवढी रडकी का?

मी सारंगी शिकतो असं कळलं की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो : "कुणी मोठा नेता गेला की रेडिओवर लागायची, तीच ना? एवढं रडकं वाद्य कशाला धरलंत?"

विचारणाऱ्यांचा यात काही दोष नाही. दुखवट्याच्या दिवसांत आकाशवाणी-दूरदर्शननं सारंगी इतकी वाजवली की ती लोकांच्या कानात तशीच बसली. त्यावर वाद घालण्यापेक्षा मी सारंगीवादक पंडित रामनारायण यांच्याबद्दल सांगायला लागतो.

त्यांचा जन्म १९२७चा, उदयपूरकडचा. १९४३ साली ते लाहोर रेडिओवर गेले ते गायकाची नोकरी मागायला. तिथले संगीत-निर्माते जीवनलाल मट्टू यांचं लक्ष गेलं त्यांच्या नखांकडे. नखांवर सारंगी वाजवून खाचा पडलेल्या होत्या. मट्टूंनी त्यांना घेतलं, पण सारंगीवर!

सतारीला पडदे असतात, व्हायोलिनची तार बोटानं पट्टीवर दाबता येते. सारंगीत यातलं काहीच नाही. नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीनं तात (आतड्याची तार) बाजूनं अडवायची आणि बोट तसंच वरखाली सरकवायचं. सुरुवातीचे महिने तिथली कातडी सोलवटून निघते. मुख्य ताती तीन, खाली तीसपस्तीस तरफा, म्हणजे आपोआप घुमणाऱ्या तारा. पावसाळ्यात त्या सुरात मिळवता मिळवताच रियाजाची वेळ संपते. पण स्वर कुठेही न तुटता गळ्यासारखा वळतो तो याच घसरणीमुळे. रडणंही गळ्यातूनच येतं म्हणा, पण गळ्याला इतरही पुष्कळ काही येतं.

गळ्याची हुबेहूब साथ करता येते, म्हणून सारंगिया कायम गवयाच्या मागे. आपल्याकडेही गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्ष सारंगीवर आणि थिरकवाखाँ तबल्यावर असत. पुढे मैफलींत पेटी आली. ती बाजारात सहज मिळे, सारखी सुरात लावावी लागत नसे आणि सारंगीसारखा तवायफांच्या कोठ्याचा शिक्काही तिच्यावर नव्हता. सारंगियांना त्यातल्या त्यात आधार होता रेडिओचा, कारण तिथे १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी होती.

फाळणीनंतर रामनारायण दिल्ली रेडिओवर होते. मोठमोठ्या गवयांची साथ केली, पण मागे बसून राहणं त्यांना सोसेना. १९४९ला ते मुंबईत आले. सिनेमानं पोट भरलं. ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतली सारंगी ऐका, चक्क खेळकर आहे. माझ्या मते 'रडकी' या आरोपाला इतकं सोपं उत्तर दुसरं नाही.

१९५४ साली मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्यांनी एका संगीत महोत्सवात एकट्यानं सारंगी वाजवली. श्रोत्यांना धीर नव्हता; त्यांनी गोंगाट करून रामनारायणांना उठायला लावलं. (त्याच इमारतीत आता आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.) ज्या वाद्याला लोकांनी कायम मागेच बसलेलं पाहिलं, ते मधोमध येऊन बसलं हेच त्यांना खपलं नसावं, असं मला वाटतं. १९५६ला छोट्या मैफलीत पुन्हा प्रयत्न केला, तो जमला. पुढे साथ करणं त्यांनी सोडूनच दिलं. १९६४ला थोरले बंधू, तबलावादक चतुरलाल यांच्यासोबत अमेरिका-युरोपचा दौरा केला. पुढच्याच वर्षी चतुरलाल गेले.

पद्मविभूषण २००५चं. बाकीचे मानसन्मान सांगत बसत नाही, ते कुठेही सापडतील. रामनारायण नसते तर सारंगी बंदच पडली असती, असं लोक म्हणतात. मला ते जरा ताणलेलं वाटतं. राजस्थानात आणि दिल्लीच्या घराण्यांत ती वाजतच होती. फरक पडला तो हा की सारंगीची स्वतंत्र मैफल होऊ शकते, तिकीट काढून लोक येतात, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. आणि ती फक्त मुलग्यांना द्यायची विद्या राहिली नाही : त्यांच्या कन्या अरुणा नारायण सारंगीच वाजवतात, नातू हर्षही. मुलगा ब्रिजनारायण मात्र सरोदकडे वळला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत ते वारले, तेव्हा शहाण्णव वर्षांचे होते.

तेव्हा ऐकायचंच असेल तर आधी त्यांचा पटदीप राग ऐका. आलापात घाई करू नका, जोड (आलापानंतरचा लयीतला भाग) सुरू होईपर्यंत थांबा. त्यानंतरही रडकी वाटली तर मग सावकाश बोलू.