साठ मैल वाळू आणि रुसलेले शार्क

टेक्ससमधल्या कॉर्पस क्रिस्टीहून दक्षिणेला निघालं, की पॅड्रे आयलंड नॅशनल सीशोअर या संरक्षित किनाऱ्यावरचा डांबरी रस्ता एका जागी संपतो आणि गाडी सरळ पुळणीवर उतरते. तिथून मॅन्सफिल्ड चॅनेल या कालव्यापर्यंत ६० मैल नुसती वाळू. पहिले ५ मैल साधी गाडी जाते, पुढे फोर-व्हील ड्राइव्हशिवाय जायचं नाही. वाटेत पेट्रोल नाही, प्यायचं पाणी नाही, मोबाइलची रेंजही थोड्याच वेळात जाते. टायरमधली हवा १८-२० पीएसआयवर आणतो आणि परत भरायला पंप सोबत ठेवतो. एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत केम्प्स रिडले कासवं दिवसाढवळ्या अंडी घालायला वर येतात, त्यामुळे त्या दिवसांत गाडी रांगतच न्यायची.

किनाऱ्यावरून शार्क गरवायला आम्ही इथे येतो. शार्क लागत असले की कुणीही शहाणा ठरतो. म्हणून इथे लिहितो आहोत ते लागायचे थांबतात तेव्हाचं.

सुरुवातीची मांडणी अशी. ८० आकड्याची दोन मोठी रिळं, त्यांवर ८० ते १०० पौंडी दोरी. लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गरी यांच्यामधला दणकट तुकडा: १५ फूट ६०० पौंडी तंगूस आणि पुढे ५ फूट पिळाची तार. एवढा लांब कशाला? शार्कची कातडी काचकागदासारखी असते. लीडर त्याच्या अंगापेक्षा आखूड पडला की शेपटी घासून मुख्य दोरी तुटते. गरी २०/० आकाराची सर्कल हूक, म्हणजे टोक आत दांडीकडे वळलेली गोल गरी. शार्कसाठी इथे टोक बाजूला न वळवलेली, स्टेनलेस नसलेली सर्कल हूकच कायद्याने चालते. तारेचे पाय असलेलं १० औंसाचं शिसं. आमिष कयाकमधून ३०० यार्डांवर नेऊन सोडायचं, लाइफ जॅकेट घालूनच.

आता दोन तास झाले, रीळ गप्प. बहुतेक जण इथे पहिली चूक करतात: सगळं गुंडाळून पुढच्या मैलाच्या खांबाकडे निघतात. आम्ही आधी आमिष ओढून बघतो. ते चार प्रकारे परत येतं, आणि प्रत्येक प्रकार वेगळं सांगतो.

कातडी शाबूत पण आतलं मांस कोरलेलं, म्हणजे खेकड्यांनी ताव मारला. जागा जिवंत आहे, आमिष मात्र तासाभरापूर्वीच संपलंय. अशा वेळी मऊ बोय (मुलेट मासा) सोडून पाकटाचा तुकडा लावायचा. तो चिवट असतो, खेकड्यांना पुरून उरतो. कडा टोकरलेल्या आणि बारीक फाटे, तर शिंगाळ्यांचं काम. पांढरंफटक, धुतल्या फडक्यासारखं आलं तर रक्त आणि तेल पार निघून गेलंय. दोन तासांवर ठेवलंच कसं, हे स्वतःला विचारायचं. आणि तपकिरी सरगॅसमचा गठ्ठा गुंडाळून आलं तर ते तळाला नव्हतंच. शेवाळाने दोरीला फुगा धरला, शिसं उपटलं आणि आमिष प्रवाहाबरोबर किनाऱ्याकडे सरकलं. रॉडचं टोक हळूहळू वाकत जातं, झटका कसलाच नसतो; त्यावरून हे आधीच ओळखता येतं. उपाय तीन: रॉड उंच पाइपात उभा करून लाटा फुटतात तिथली दोरी पाण्याबाहेर ठेवायची, शिसं वाढवायचं, अंतर कमी करायचं. तरी शेवाळ थांबलं नाही तर खुर्ची टाकून बसावं. दाट सरगॅसमशी भांडून कुणी जिंकलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

आमिष ताजं असूनही शांतता असेल तर अंतर बदलतो. किनाऱ्याला समांतर वाळूचे दांडे असतात, मध्ये खोल चर. लाटा पांढऱ्या फुटतात तो दांडा. गडद पट्टा दिसतो तो चर. दोन्ही आमिषं तिसऱ्या दांड्यापलीकडे असतील तर एक उचलून दुसऱ्या चरात आणायचं, आणि हातानेच फेकलेलं एक छोटं आमिष पहिल्या चरात ठेवायचं. संध्याकाळी ब्लॅकटिप शार्क बोयींमागे अगदी गुडघाभर पाण्याजवळ येतात, आणि लोक मात्र ३०० यार्डांवरच्या दोरीकडे डोळे लावून बसलेले असतात. मोठ्या आमिषाचा मोह हा या छंदातला सगळ्यात महागडा रोग आहे. जॅक क्रेव्हाल या मोठ्या माशाचं अख्खं डोकं दिवसभर पडून राहतं, तर शेजारी आमिष म्हणून लावलेल्या तळहाताएवढ्या व्हायटिंग माशावर शार्क लागतो.

म्हणून तिसरा बदल आकाराचा. १२/० ची हूक, ४ फूट २५० पौंडी तंगूस, शेवटी फूटभर तार, ताज्या बोयीचा मधला तुकडा. खवले काढायचे, दोन्ही बाजूंना तिरके काप द्यायचे, हूकचं टोक पूर्ण उघडं ठेवायचं. टोक मांसात बुडालं तर सर्कल हूक जबड्याच्या कोपऱ्यात सरकत नाही, आमिष नुसतं सुटून येतं. दोरी पळू लागली की झटका द्यायचा नाही. ४-५ सेकंद जाऊ द्यायची, मग ड्रॅग (रिळाचा ब्रेक) हळूच ८-१० पौंडांवर न्यायचा. हूक आपोआप बसते. झटका मारायची सवय जाता जात नाही, निम्मे मासे त्यातच सुटतात.

उत्तरेचा थंड वारा येऊन गेला असेल तर वरचं सगळं करूनही एखाद-दोन दिवस मंद जातात. वारा येण्याआधीचे तास चांगले. नंतर हवेचा दाब चढतो, लाटा बसतात, पाणी मागे ओढलं जातं. तेव्हा आमिष खोल चरातच ठेवायचं आणि पहाट-संध्याकाळ सोडून मधला वेळ झोपायला वापरायचा. मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मुळातच थोडा, त्यामुळे आम्ही घड्याळापेक्षा प्रवाहाकडे बघतो: रॉडची दोरी ज्या बाजूला झुकलेली असते ती बाजू बदलली, की ताजं आमिष लावायचं.

इतकं झाल्यावरच जागा बदलायची. लिटल शेल आणि बिग शेल हे दोन टप्पे त्यासाठी. उत्तर आणि दक्षिणेकडून येणारे किनारी प्रवाह या भागात भेटतात, म्हणून शिंपल्यांचे थर साचतात: लिटल शेलला बारीक, बिग शेलला मोठे. उतार इथे जास्त, त्यामुळे खोल पाणी जवळ असतं. पण शिंपल्यांचा भुसा भुसभुशीत असल्याने गाडीही इथेच रुतते. ब्रेक न लावता, कडक ओल्या पट्ट्यावरून जायचं. थांबायचं ते दांडा तुटलेला असेल तिथे, म्हणजे दोन्हीकडे लाटा फुटतात आणि मध्ये पाणी सपाट राहतं तिथे. वर पक्षी सूर मारत असतील तर बोयींचा थवा आलाय, आणखी पुढे जाऊ नये.

छोट्या साहित्याचा एक धोका मात्र आहे. त्याच तुकड्यावर कधी ८ फुटी हॅमरहेड येतो. तो फार लवकर दमतो, आणि हलक्या दोरीवर तासभर झुंजवला तर सोडल्यावरही मरतो. दोरी भराभर संपू लागली आणि त्याचा पाठीवरचा उंच पर दिसला, की ड्रॅग ताणून लीडर हातात येईपर्यंतच प्रयत्न करायचा. नाही आला तर दोरी कापायची. आला तर कोरड्या वाळूवर न ओढता, कल्ले पाण्यात ठेवून बोल्ट कटरने हूकच तोडायची. तो कटर गाडीत नाही, कमरेला हवा.